नव्या चेंडूची शिवण

सोमवारी सकाळी सव्वानऊला तुझा भाऊ लायब्ररीत आला. मी पुस्तकांवर शिक्के मारत होते. तो म्हणाला, "शैलाताई पहाटे गेली." मी शाईच्या डबीचं झाकण लावलं आणि त्याच्याबरोबर निघाले.

सगळं बदललं ते त्या सोमवारी, असं मला बारा दिवस वाटत होतं. बाराव्या दिवशी तुझ्या आईने माझ्या हातात एक चेंडू दिला. तेव्हापासून तुझी कुठलीही आठवण काढली की मी आधी त्या चेंडूपाशी येऊन थांबते. रडायला बसले तरी तिथेच येऊन थांबते. म्हणून हे तुलाच लिहिते आहे, शैले. दुसऱ्या कोणाला विचारण्यासारखं हे नाही.

आठवीत असताना पी.टी.चे सर कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना दोन बॅटा, चार हातमोजे आणि एक पांढरा चेंडू घेऊन आले. मुलींना मैदानावर बसवून म्हणाले, "हा सॉफ्टबॉल. बेसबॉलचाच भाऊ. चेंडू जरा मोठा, आणि हात वरून नाही, खालून गोल फिरवून टाकायचा."

तू मागून म्हणालीस, "म्हणजे सर, विहिरीत कळशी सोडतात तसा?"

सगळ्या हसल्या. सर हसले नाहीत. त्यांनी तुला पुढे बोलावलं आणि म्हणाले, "सोड बघू कळशी." तू टाकलास तो चेंडू मुख्याध्यापकांच्या खिडकीखालच्या कुंडीला लागला. सरांनी वहीत तुझं नाव लिहिलं. माझं नाव लिहिलं ते मी शिबिरातल्या इंग्रजी पुस्तिकेवर लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवला म्हणून. माझी खेळातली भरती अशी झाली. सरांना इंग्रजी बेताचं येत होतं आणि पुस्तिकेत चाळीस पानं होती.

ती पुस्तिका मी घरी आणली. चेंडू धरलेल्या हातांची चित्रं होती त्यात, प्रत्येक चित्राखाली चार ओळी. रोज दोन पानं मी शब्दकोश घेऊन मराठीत उतरवायचे आणि सकाळी सहा वाजता तुमच्या कॉलनीतल्या पंपाच्या खोलीमागे तुला वाचून दाखवायचे. मुलुंडमध्ये तेवढीच एक भिंत होती जिच्यावर चेंडू मारला तर कोणी ओरडत नसे, कारण पंपाच्या आवाजात ऐकूच जात नसे. टाकणारीपासून भिंतीपर्यंतचं अंतर चाळीस फूट हवं होतं. मोजायला टेप नव्हती. तू आईचं नऊवारी लुगडं आणलंस. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट, म्हणजे दीड लुगडं साडेचाळीस होतं, हे मी सांगितलं. तू म्हणालीस, "बघा, मास्तरीणबाईंनी लुगड्याचंपण गणित केलं." मग अंगणात सारवायला ठेवलेला गेरू भिजवून भिंतीवर चौकोन काढलास, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत. माझ्या गुडघ्यापासून तुझ्या खांद्यापर्यंत काढलास, ते आपल्याला महिन्याभराने कळलं.

चेंडू टाकायच्या प्रकारांची इंग्रजी नावं तुला आवडली नाहीत. मी नवी दिली. जो चेंडू नीट येता येता फलंदाजापाशी एकदम खाली बसतो तो पायरी, अंधारात पायरी चुकल्यावर पाय जातो तसा. हात जोरात फिरूनही जो सावकाश येतो ती जांभई. जो बाजूला जातो तो वळसा. वर चढणारा एक होता, त्याला पतंग म्हणायचो, पण तो आपल्या दोघींनाही कधी जमला नाही.

तू टाकायचीस तेव्हा मी पकडायचे, मी टाकायचे तेव्हा तू. सुरुवातीला चेंडू आला की माझे डोळे मिटायचे. एका सकाळी तू मला भिंतीला पाठ लावून उभं केलंस, हातमोज्याशिवाय, हात मागे बांधायला लावून.

"आता मी टाकणार. तू हलायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत."

"लागला तर?"

"नाही लागणार. मी काय तुला मारीन का, वेडे?"

वीस चेंडू टाकलेस. माझ्या कानापासून वीतभर अंतरावर एकेक येऊन आपटत होता. पंधराव्यानंतर माझे डोळे उघडे राहायला लागले. तुझ्या हातून मला एकदाही चेंडू लागला नाही, चार वर्षांत एकदाही नाही. मला भीती वाटायची बंद झाली ती त्या सकाळपासून. चेंडूचीच नाही, बऱ्याच गोष्टींची. लायब्ररीतल्या मुलाखतीला पाचजणांसमोर बसले तेव्हाही मी मनात भिंतीला पाठ लावून उभी होते. हे तुला सांगायचं राहिलं. आता सांगते आहे, पण ज्या सुरात सांगायला हवं होतं तो सूर आता लागत नाही.

वर्षभरात चेंडूची शिवण उसवली. सरांकडे कपाटात नवे चेंडू होते, पण ते फक्त सामन्यांच्या दिवशी निघायचे आणि संध्याकाळी मोजून परत जायचे. आपण जुना चेंडू घेऊन स्टेशनजवळच्या मोच्याकडे गेलो. त्याने तो उलटा-सुलटा करून पाहिला.

"ये क्या है? नारियल?"

"काका, जूता समझके सिलो ना. एकदम पक्का," तू म्हणालीस.

त्याने तसंच केलं. जोड्याला लावतात तो मेणाचा जाड दोरा घेतला आणि दुहेरी टाके घालून पक्का शिवला. परत आला तेव्हा चेंडूवर शिवण नव्हती, बांध होता. बोट ठेवलं की त्यात अडकायचं. आणि काय आश्चर्य, त्या आठवड्यात आपल्या दोघींची पायरी बसायला लागली. पुस्तिकेत लिहिलं होतं की चेंडू सोडताना बोटांची टोकं त्याच्या मागून वर ओढायची, म्हणजे तो पुढच्या अंगाला गरगरतो. तोवर बोटं निसटत होती. आता निसटेनात. माझ्या आखूड बोटांनाही जमायला लागलं. आपण दर सहा महिन्यांनी त्याच मोच्याकडून तोच चेंडू शिवून घेत राहिलो आणि जे काही शिकलो ते त्या बांधावर शिकलो. पायरी, जांभई, वळसा, सगळं.

सामन्यांत नवा चेंडू असायचा, पण सरांची सक्त ताकीद असायची. "प्रयोग नकोत. सरळ टाका. समोरच्या आपोआप आउट होतात." आणि व्हायच्याही. शाळांचे संघ होतेच किती, आणि त्यातल्या निम्म्या मुली बॅट खांद्यावरून खाली आणेपर्यंत चेंडू गेलेला असायचा. सरळ चेंडूला शिवण लागत नाही. म्हणून चार वर्षांत नवा चेंडू हातात येऊनही मला कधी कळलं नाही की त्याची शिवण सपाट असते. म्हणजे बोटांना जाणवलं असेल, पण डोक्यात पोचलं नाही. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाकडून झालेली ही चूक. पुस्तिकेतल्या सगळ्या चित्रांत शिवण होती, ती केवढी उंच आहे हे कुठल्याच चित्रात दिसत नव्हतं.

यावरून आपलं भांडण व्हायचं ते आठवतं? मी म्हणायचे, पायरी शिवणीत असते. तू म्हणायचीस, हातात असते.

"बॉलमध्ये काय असणार गं? भुसा आणि कापूस. जे आहे ते मनगटात."

"मग शिवायच्या आधी का नाही पडला?"

"तेव्हा मनगट कच्चं होतं."

"एका आठवड्यात पिकलं?"

"माझं पिकलं. तुझं अजून अढीत आहे."

हे भांडण तीन वर्षं चाललं. दोघींनाही ते संपवायचं नव्हतं. आणि मग बारावीच्या दिवाळीनंतर कधीतरी ते बंद पडलं. मी नेहमीप्रमाणे काहीतरी शिवणीबद्दल बोलले आणि तू म्हणालीस, "असेल, तुझंच खरं असेल." मला वाटलं होतं तू थकली आहेस. घरी तसं चाललंच होतं. गिरण्यांचा संप संपला असं कोणी म्हणत नव्हतं आणि तुझ्या वडिलांची गिरणीही सुरू होत नव्हती. तुझे वडील सकाळी दाढी करून, कपडे घालून ओट्यावर बसायचे आणि दुपारी कपडे बदलायचे. सर तुला म्हणाले होते, राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र हातात आलं तर खेळाडूंच्या जागेवर सरकारी नोकरी लागते. हे ते मलाही म्हणाले होते. पण माझे वडील रोज ऑफिसला जात होते.

राज्य स्पर्धेसाठी उपनगरच्या संघाची निवड डिसेंबरात होती. चेंडू टाकणाऱ्या दोन मुली आधीच ठरलेल्या होत्या. तिसरी एकच जागा होती. आपल्याला दोघींनाही ते माहीत होतं आणि आपण त्याबद्दल एकदा बोललोही होतो. तू म्हणालीस, "जी चांगली टाकेल ती जाईल. रडायचं नाही." मी म्हटलं, "ठरलं." त्यात काही अवघड आहे असं मला वाटलं नव्हतं, कारण आपण दोघी एकच चेंडू टाकत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी पाच दिवस गोरेगावला मावशीकडे गेले होते. हे पाच दिवस मी आता पुन्हापुन्हा मोजते.

परत आले तेव्हापासून निवडीच्या दिवसापर्यंत तीन आठवडे होते. रोज सकाळी सहाला आपण भिंतीपाशी होतो, मोच्याच्या चेंडूने. तुझ्या मधल्या बोटाला पट्टी होती. मी विचारलं तर म्हणालीस, "विळीवर कापलं." गेरूच्या चौकोनाचा खालचा कोपरा ताजा उडालेला होता, आतलं सिमेंट दिसत होतं. मी म्हटलं, हे कोणी केलं. तू म्हणालीस, "पोरं क्रिकेट खेळतात ना इथे." एकदा मी साडेपाचलाच आले तेव्हा तू आधीच तिथे होतीस, घामाने भिजलेली, आणि पिशवी बंद करत होतीस. मला तू म्हणालीस, "धावून आले जरा." मी तुझ्यावर संशय घेतला नाही, हे सांगायचं कारण मी चांगली होते असं नव्हे. मला सुचलंच नाही. ज्या हाताने वीस चेंडू माझ्या कानाजवळून मारले आणि एकही लागू दिला नाही, त्या हाताबद्दल आणखी काय विचार करायचा असतो?

निवड घाटकोपरला होती. तीन निवडकर्ते खुर्च्यांवर, शेजारी खोक्यात सहा कोरे चेंडू. आपली दोघींची नावं लागोपाठ पुकारली. मी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "तू जा आधी."

सरळ चेंडू चांगले पडले. मग एक निवडकर्ते म्हणाले, "आता काय येतं ते दाखव." मी पायरी टाकली. हात नेहमीसारखाच फिरला, बोटं नेहमीच्या जागी होती. चेंडू बोटांवरून साबणासारखा सुटला आणि कमरेएवढा सरळ गेला. समोरच्या मुलीने तो कुंपणाकडे मारला. दुसरा तसाच गेला. तिसऱ्या वेळी मी इतका जोर लावला की चेंडू फलंदाजाच्या डोक्यावरून गेला. मग जांभई टाकायला सांगितली, ती अर्ध्यात आपटली. निवडकर्ते शेजारच्याला म्हणाले, "सरळ बरी आहे. बाकी काही नाही हिच्याकडे."

बाकी काही नाही हिच्याकडे. मी हे ऐकलं आणि बाजूला येऊन बसले.

मग तू गेलीस. तुझी पहिलीच पायरी अशी बसली की त्या मुलीची बॅट हवेत फिरली आणि ती स्वतःभोवती फिरून खाली बसली. दुसरी, तिसरी, सगळ्या बसल्या. आणि मी टाळ्या वाजवल्या, शैले. उभी राहून वाजवल्या. माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, "तुझी बहीण आहे का?" मी म्हटलं, "नाही. आम्ही एकत्र शिकलो."

परतीच्या बसमध्ये तू मला खिडकीची जागा दिलीस. भांडुप आलं. मग म्हणालीस, "कुंदे, एक सांगू?"

मी म्हटलं, "काही सांगू नकोस. माझा हातच लहान आहे. पुस्तिकेत लिहिलंच होतं. आणि ऐन वेळी मी कच खाते, ते पुस्तिकेत नव्हतं."

तू माझ्याकडे पाहिलंस. आणि गप्प बसलीस. मी तो गप्पपणा मैत्रीचा समजले. मला वाटलं, ही जिंकली आहे म्हणून माझ्यासमोर आनंद करत नाही. त्या रात्री मी आईला सांगितलं की शैलासारखी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं.

ऐन वेळी मी कच खाते. हे वाक्य मी रागात बोलले होते, पण ते माझ्याजवळ राहिलं. एम.ए.नंतर प्राध्यापकाच्या दोन जागांची जाहिरात आली, मी अर्ज आणले आणि भरले नाहीत. लायब्ररीची मुलाखत दिली ती वडिलांनी हाताला धरून नेलं म्हणून. तू मात्र प्रत्येक वेळी चिडायचीस. "भर ना अर्ज. कोण म्हणतं तुला जमत नाही?" एकदा तर माझ्या घरी येऊन ओरडलीस, आईसमोर, की हिच्या डोक्यात कोणी भरवलं हे? मी म्हटलं, "घाटकोपरला ऐकलं." तू चहा अर्धा ठेवून निघून गेलीस. आईने विचारलं, तिला काय झालं. मी म्हटलं, तिला माझी काळजी वाटते.

वाटत होती. तेही खरं असणार. सरकारी नोकरी लागल्यावर तुझ्या पहिल्या पगारातून तू मला शब्दकोश आणलास, मोठा, दोन खंडांतला. मी म्हटलं, "एवढा कशाला, यार, वेडी आहेस का." तू म्हणालीस, "ठेव गं. सगळं तुझ्याच वाचनाने झालं." मी तेव्हा ते कृतज्ञतेचं समजले. या सहा वर्षांतलं तुझं प्रत्येक वाक्य मला आता पुन्हा वाचावं लागतं आहे, आणि शब्दकोश तू दिलेलाच आहे.

हॉस्पिटलमध्ये मी दोनदा आले. कावीळ इतकी वाढली आहे हे कोणी बोलत नव्हतं. दुसऱ्या वेळी तुझे डोळे गेरूमध्ये हळद कालवल्यासारखे दिसत होते. तू विचारलंस, "पंपामागे चौकोन आहे का गं अजून?"

"असेल. मी बऱ्याच दिवसांत गेले नाही."

"बघून ये ना."

"तू बरी हो, दोघी जाऊ."

"नाही, तू जा. जाऊन ये आणि मला सांग."

मला वाटलं तापात बोलते आहेस. मी गेले नाही. त्या आठवड्यात लायब्ररीत मोजणी होती. चौथ्या दिवशी तुझा भाऊ आला.

बाराव्याला तुमच्या घरी गेले. जेवणं झाल्यावर तुझ्या आईने मला आतल्या खोलीत बोलावलं. कपाट उघडलं, तुझ्या साड्यांच्या मागून एक कापडी पिशवी काढली. पिशवीत चेंडू होता. पांढरा होता, आता पिवळट झालेला, पण शिवण मूळची, कारखान्यातली.

"ह्यो तू घेऊन जा गो कुंदा. तुमचोच मा तो."

मी म्हटलं, "आमचा? आमचा तर मोच्याने शिवलेला होता."

"तो जुनो. ह्यो सरांनी दिलेलो, नवीन. दिवाळीत घरी इले होते सर. तू तेव्हा मावशीकडे. म्हणाले, निवडीला असलोच बॉल असतलो, दोघींनी मिळून ह्याच्यावर हात बसवा. आमच्या शैलान कसो जपून ठेवल्यान बघ. दोघींनी घाम गाळलास ह्याच्यावर, म्हणान तर माझ्या चेडवाक नोकरी लागली." मग तिने माझा हात धरला. "खरा मा गो? दोघी खेळत होतास मा?"

तुझी आई उगाच काही विचारत नाही. तिने काहीतरी पाहिलं असेल, साडेपाच वाजता तुला एकटीला जाताना पाहिलं असेल. की तिला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं, ते मला कळलं नाही. तिच्या हातात माझा हात होता आणि बाहेर तुझे वडील दाढी करून, कपडे घालून बसले होते.

मी म्हटलं, "हो, काकी. आम्ही दोघींनी त्याच्यावरच हात बसवला."

ती म्हणाली, "देव बरा करो तुजा," आणि डोळे पुसले.

तुझ्यासाठी मी बोललेलं हे पहिलंच खोटं. आणि तू जे सहा वर्षं केलंस तेच मी एका वाक्यात केलं, हेही मला कळतं. पण मी ते तुला वाचवायला केलं. तू कोणाला वाचवायला केलंस ते मला माहीत आहे, आणि ते कारण लहान नव्हतं. मी किती वेळा स्वतःशी म्हटलं की तू मागितलं असतंस तर मी ती जागा सोडली असती, नावच दिलं नसतं. हे म्हणायला सोपं आहे. सतरा वर्षांची मी खरंच सोडली असती का, मला सांगता येत नाही. कदाचित तुलाही ते माहीत होतं म्हणून तू मागितलं नाहीस. पण मग निदान घाटकोपरला तो कोरा चेंडू हातात घ्यायच्या आधी एक शब्द बोलायचास. "कुंदे, शिवण सपाट आहे." एवढंच. मी हरले असते तरी मला कळलं असतं की मी कशाने हरले. तू जागा घेतलीस त्याचं मला फार वाईट वाटत नाही, शैले. तू मला माझ्याविषयी जे खोटं समजू दिलंस, आणि बसमध्ये माझ्या शेजारी बसून समजू दिलंस, त्याचं वाटतं.

चेंडू घरी आणला आणि तीन दिवस पिशवीतून काढला नाही. चौथ्या दिवशी काढला. शिवणीच्या दोन बाजूंना बॉलपेनने खुणा केलेल्या होत्या. एका जागी लाल शाईच्या दोन रेघा, शिवणीला आडव्या, आणि शेजारी 'शै'. म्हणजे तू बोटं शिवणीवर ठेवायचं सोडून तिच्यावर आडवी टाकत होतीस. सपाट शिवणीला तीच युक्ती लागत असणार. मी चेंडू फिरवला. दुसऱ्या बाजूला निळ्या शाईचे तीन ठिपके होते, जवळजवळ, आणि शेजारी 'कुं'.

आखूड बोटांच्या माणसाने दोनऐवजी तीन बोटं लावावीत, हे पुस्तिकेच्या एकोणिसाव्या पानावर होतं. मीच तुला वाचून दाखवलं होतं आणि आपण हसून सोडून दिलं होतं, कारण मोच्याच्या शिवणीवर मला दोन पुरायची. तुझ्या ते लक्षात राहिलं. माझा हात या चेंडूवर कसा बसेल हे तू शोधून काढलंस, माझा हात जवळ नसताना.

कधी? हेच मला विचारायचं आहे. निवडीच्या आधी काढले असतील ते ठिपके, तर तू मला द्यायला निघाली होतीस आणि मग दिलं नाहीस. नंतर काढले असतील, तर त्या सहा वर्षांत कुठल्यातरी दिवशी साड्यांमागून तो काढून तू माझ्या बोटांचा अंदाज घेत बसली होतीस, आणि तेव्हाही दिला नाहीस. दोन्हीपैकी कुठलं कमी वाईट, हे मी ठरवू शकत नाही. शाई दोन्ही बाजूंची सारखीच पुसट आहे.

रविवारी सकाळी सहाला पंपामागे गेले. चौकोन आहे. रंग उडाला आहे, पण आहे, आणि खालच्या कोपऱ्यातलं सिमेंट अजून उघडं आहे. तू बघून यायला सांगितलं होतंस, म्हणून कळवते. अंतर मोजलं नाही, पायाला आठवत होतं. निळ्या ठिपक्यांवर बोटं ठेवून टाकले. सहा वर्षांनी हात खांद्यातून कुरकुरत होता. पहिले तीन भिंतीच्या बाहेरच गेले. नंतर काही सरळ गेले. सातवा किंवा आठवा असेल, तो चौकोनाच्या मध्यापर्यंत आला आणि खाली बसला, उघड्या सिमेंटवर लागला. शिवण सपाट होती, तरी बसला. म्हणजे आपल्या भांडणात तुझं खरं होतं, असंही म्हणता येईल. मला ते कबूल करायचं नाही. तू समोर असतीस तर केलंही नसतं.

नंतर चेंडू उचलून घरी आले आणि आंघोळ करून लायब्ररीची वही भरायला बसले.

चेंडू माझ्या टेबलावर आहे, शब्दकोशाच्या शेजारी. तुझ्या आईला मी जे सांगितलं ते तिला कायम खरं वाटेल. तू मला सांगितलं नव्हतंस, आणि आता सांगणार नाहीस. निळ्या ठिपक्यांवर माझी तीन बोटं बरोबर बसतात.